बांकेई योताकु

बांकेई योताकु (जन्म : १६२२, मृत्यू : १६९३) हे जपानमधील रिन्झाई झेन संप्रदायाचे आचार्य आणि प्रवचनकार होते. प्रत्येक मनुष्याला जन्मतःच लाभलेले ‘अजात बुद्धचित्त’ हा त्यांच्या शिकवणुकीचा एकमेव विषय होता. मनात उठणारे विचार हे पूर्वी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचे प्रतिबिंब असतात. त्यांना ‘मी’ मानून धरून ठेवले की दुःखाची सुरुवात होते आणि धरणे सोडले की वेगळे काही मिळवावे लागत नाही, असे ते सांगत. चिनी ग्रंथांतील क्लिष्ट परिभाषा टाळून सामान्य लोकांच्या बोलीत प्रवचने देणारे आचार्य म्हणून ते ओळखले जातात. दोगेन आणि हाकुइन यांच्याबरोबर जपानी झेन परंपरेतील प्रमुख विचारवंतांमध्ये त्यांची गणना होते.

जन्म आणि बालपण

बांकेई यांचा जन्म हारिमा प्रांतातील हामादा या समुद्राकाठच्या गावी झाला. हा भाग आता ह्योगो प्रांतातील हिमेजी शहराच्या आबोशी परिसरात मोडतो. वडील सुगा दोसेत्सु हे मूळचे शिकोकु बेटावरील सामुराई घराण्यातील होते. कोणा सरदाराच्या पदरी नसल्याने ते वैद्यकी करून कुटुंब चालवीत. कन्फ्यूशियन ग्रंथांचाही त्यांचा अभ्यास होता. बांकेई दहा-अकरा वर्षांचे असताना वडील वारले आणि घराची जबाबदारी आई व थोरला भाऊ मासायासु यांच्यावर आली. मासायासुनेही पुढे वडिलांचाच व्यवसाय चालविला.

शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रांत बालपणीच्या बांकेई यांचे वर्णन हट्टी, धीट आणि कोणाला न जुमानणारा मुलगा असे आहे. अक्षर गिरविण्याचा त्यांना कंटाळा होता आणि ते वर्गातून वेळेआधीच निघून येत. भावाने नावाड्याला त्यांना नदीपार न नेण्याची ताकीद दिली, तेव्हा ते पाण्यात उतरून तळावरून चालत पलीकडे आले, अशी कथा या चरित्रांत आढळते. कथेत अतिशयोक्ती असली, तरी पुढील काळातील त्यांच्या साधनेत हाच स्वभाव दिसतो.

‘उज्ज्वल सद्गुणा’चा प्रश्न

वडिलांच्या मृत्यूनंतर बांकेई यांना गावातील शाळेत कन्फ्यूशियन ग्रंथ शिकण्यासाठी पाठविण्यात आले. तेथे ‘दाइगाकु’ हा ग्रंथ पाठ करून घेतला जाई. थोरांच्या विद्येचा मार्ग उज्ज्वल सद्गुण प्रकट करण्यात आहे, असे या ग्रंथाच्या आरंभी प्रतिपादन आहे. हा उज्ज्वल सद्गुण, म्हणजे जपानी भाषेत ‘मेइतोकु’, नेमका काय, असा प्रश्न बांकेई यांनी शिक्षकांना विचारला. मनुष्याची मूळ सत्प्रवृत्ती, स्वर्गीय तत्त्व अशी निरनिराळी उत्तरे त्यांना मिळाली. परंतु त्या शब्दांमागील वस्तू कोणी दाखवू शकेना.

या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. ते विद्वानांकडे जात, धर्मप्रवचनांना बसत आणि ऐकलेले घरी येऊन आईला सांगत. स्वतःला उलगडा व्हावा आणि म्हातारपण येण्यापूर्वी आईलाही तो सांगता यावा, ही आपली तळमळ होती, असे त्यांनी पुढे प्रवचनांत सांगितले. शाळेकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष झाले. अखेरीस भावाने त्यांना घराबाहेर काढले. त्या वेळी ते बारा वर्षांचेही नसावेत. नाकाबोरी सुकेयासु या कौटुंबिक स्नेह्याने त्यांना गावामागच्या डोंगरावर राहण्यासाठी एक झोपडी दिली.

कन्फ्यूशियन पंडितांकडून उत्तर न मिळाल्याने बांकेई बौद्ध मठांकडे वळले. काही काळ त्यांनी अमिताभ बुद्धाच्या नामजपाची साधना केली, तसेच शिंगोन पंथाचाही परिचय करून घेतला. १६३८ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते आको येथील झुइओ-जी मठात उम्पो झेन्जो या वृद्ध रिन्झाई आचार्यांकडे गेले. या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर ध्यानाला बसावे लागेल, असे उम्पो यांनी त्यांना सांगितले. बांकेई यांनी त्यांच्याकडे दीक्षा घेतली आणि त्यांना ‘योताकु’ हे नाव मिळाले.

भ्रमंती आणि खडतर साधना

सुमारे तीन वर्षे उम्पो यांच्याजवळ राहिल्यानंतर १६४१ मध्ये बांकेई पायी भ्रमंतीस निघाले. पुढील चार वर्षे ते क्योटो आणि इतर प्रदेशांत हिंडले. या काळात ते रानात, ओसाड देवळांत आणि क्योटोतील पुलाखाली भिकाऱ्यांच्या सोबतीने राहिले. अनेक आचार्यांना भेटूनही मूळ प्रश्न सुटला नाही. १६४५ मध्ये ते उम्पो यांच्याकडे परतले. ज्याच्या-त्याच्याकडे उत्तर शोधत हिंडण्याची ही वृत्तीच त्यांना उत्तरापासून दूर ठेवीत आहे, अशा आशयाचा अभिप्राय गुरूंनी दिला.

त्यानंतर त्यांनी आकोजवळील नोनाका येथे एक लहान झोपडी बांधली आणि स्वतःला आत कोंडून घेतले. जेवण आत घेण्यापुरते भोक ठेवून दार बंद करण्यात आले. रात्रंदिवस मांडी घालून बसल्याने त्यांच्या मांड्यांना व पार्श्वभागाला जखमा होऊन त्यांतून पू व रक्त वाहू लागले. तरीही त्यांनी बसणे थांबविले नाही. शेवटी क्षयासारख्या आजाराने त्यांना ग्रासले. थुंकीतून रक्त पडू लागले, अन्न घशाखाली उतरेना आणि वैद्याने आशा सोडली. आपण मरणार याचे त्यांना दुःख नव्हते, परंतु प्रश्न न सुटताच मरावे लागणार, याची खंत मात्र होती.

१६४७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, अशा मरणासन्न अवस्थेत त्यांच्या घशात वेगळेच काही जाणवले. त्यांनी भिंतीवर थुंकताच काळसर कफाचा गोळा खाली घरंगळत गेला आणि मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. सर्व गोष्टी ‘अजात’ तत्त्वाने आपोआप जुळून येतात आणि आजवर आपण व्यर्थ धडपड केली, असे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आले. त्यांनी सेवकाकडे पेज मागितली. त्याने आनंदाच्या भरात पुरती न शिजलेली पेजच पुढे केली आणि बांकेई यांनी ती दोन-तीन वाट्या खाल्ली. त्यानंतर त्यांची प्रकृती सुधारत गेली. मात्र या तपश्चर्येमुळे जडलेल्या व्याधींनी त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही.

दोशा चोगेन यांचे मार्गदर्शन

उम्पो यांनी शिष्याच्या प्रत्ययाला मान्यता दिली आणि इतर श्रेष्ठ आचार्यांकडूनही त्याची पारख करून घेण्यास सुचविले. त्यासाठी बांकेई मिनो प्रांतात गुदो तोशोकु यांच्या भेटीस गेले, परंतु ते तेथे नव्हते. तेथील अन्य आचार्यांनी पारख करण्याचा आपला अधिकार नसल्याचे मान्य केले.

१६५१ मध्ये दोशा चोगेन हे चिनी आचार्य नागासाकी येथे आल्याचे कळताच बांकेई त्यांच्याकडे गेले. दोघांना एकमेकांची बोली येत नसल्याने त्यांचा संवाद चिनी लिपीत लिहून चाले. बांकेई यांनी स्वतःला ओळखले आहे, पण पलीकडची बाब अजून उमगलेली नाही, असा निर्णय दोशा यांनी दिला. तो सुरुवातीला बांकेई यांना रुचला नाही. तरीही ते तेथेच राहून भिक्षूंबरोबर ध्यान करू लागले. १६५२ मध्ये आलेल्या अनुभवानंतर दोशा यांनी त्यांची पूर्तता मान्य केली. दोशा यांच्याविषयी बांकेई यांनी पुढे आदर व्यक्त केला, पण मागे वळून पाहता तेही पूर्णत्वास पोहोचले नव्हते, असे मतही मोकळेपणाने मांडले.

मठ, आश्रयदाते आणि प्रवचने

१६५७ मध्ये उम्पो यांचे उत्तराधिकारी बोकुओ सोग्यु यांनी बांकेई यांना आचार्यपदाची अधिकृत मान्यता दिली. त्यानंतर त्यांची कीर्ती वाढत गेली. क्योगोकु घराणे, ओझुचे सरदार कातो यासुओकी आणि हिरादोचे सरदार मात्सुउरा शिगेनोबु यांनी त्यांना आश्रय दिला. जन्मगावाजवळ आबोशी येथे र्‍योमोन-जी, शिकोकुवरील ओझु येथे न्योहो-जी आणि एदो (आताचे टोकियो) येथे कोरिन-जी ही त्यांची तीन मुख्य केंद्रे होती. १६७२ मध्ये क्योटोतील म्योशिन-जी या रिन्झाई संप्रदायाच्या प्रमुख मठाचे अधिपतिपद त्यांना देण्यात आले.

आयुष्याच्या अखेरच्या पंधरा वर्षांत त्यांनी मोठ्या समुदायांसमोर प्रवचने दिली. १६९० च्या हिवाळ्यात र्‍योमोन-जी येथे झालेल्या साधनासत्रास सुमारे १,३०० भिक्षू व भिक्षुणी उपस्थित होते. रिन्झाईबरोबरच सोतो, शिंगोन, तेंदाई, निचिरेन आणि जोदो या पंथांचे अनुयायीही त्यांत होते. सामुराई, व्यापारी, शेतकरी, नोकरचाकर अशा गृहस्थ स्त्रीपुरुषांनाही प्रवचने खुली असत. श्रोते स्वतःच्या अडचणी सांगत आणि बांकेई त्यांना तेथल्या तेथे उत्तर देत.

प्रवचने लिहून ठेवण्यास त्यांची मनाई होती. तरीही काही श्रोत्यांनी व शिष्यांनी ती टिपून ठेवली. त्यामुळे सतराव्या शतकातील बोलीभाषेत दिलेली त्यांची उत्तरे आज उपलब्ध आहेत.

शिकवण

अजात बुद्धचित्त

बांकेई यांच्या शिकवणुकीतील मध्यवर्ती शब्द ‘फुशो’ हा आहे. त्याचा अर्थ ‘न जन्मलेले’ किंवा ‘अजात’ असा होतो. मूळ संस्कृत बौद्ध ग्रंथांतील ‘अनुत्पाद’ ही संकल्पना चिनी भाषांतरांद्वारे जपानमध्ये पोहोचली होती. बांकेई यांनी तिचा तात्त्विक ऊहापोह न करता श्रोत्यांच्या चालू अनुभवाकडे लक्ष वेधले. प्रवचन ऐकण्यात मन गुंतलेले असताना बाहेर कावळा ओरडला किंवा घंटा वाजली, तर तो कावळा आहे, ती घंटा आहे, हे श्रोत्याला अचूक कळते. त्यासाठी त्याने आधी काही ठरविलेले नसते. विचाराने हेतू धरण्यापूर्वीच हे जे स्वच्छपणे जाणणे घडते, तेच आईबापांपासून लाभलेले बुद्धचित्त होय, असे ते सांगत. ते जन्मलेले नसल्याने नष्टही होत नाही आणि साधनेने निर्माणही करावे लागत नाही.

विचारांशी तादात्म्य आणि स्वतःचा पक्षपात

विचार मुळातच दोषास्पद आहेत, असे बांकेई यांचे मत नव्हते. पूर्वी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचे ठसे प्रसंगानुरूप मनात उमटतात आणि त्यांना आधार मिळाला नाही तर ते मावळतात. परंतु मनुष्य स्वतःचीच बाजू घेतो आणि उमटलेला विचार आपला मानून त्यावर पुढचे विचार रचतो. त्यातून राग, लोभ आणि मोह यांना बळ मिळते. बुद्धचित्ताची देवाणघेवाण करून माणूस क्रोधाच्या जागी असुर, लोभाच्या जागी भुकेला प्रेत आणि मूढतेच्या जागी पशू होतो, अशी पारंपरिक बौद्ध प्रतिमाही ते या संदर्भात वापरीत.

आपण जन्मतःच शीघ्रकोपी आहोत, अशी तक्रार एका भिक्षूने केल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. बांकेई यांनी त्याला तो राग त्याच क्षणी दाखविण्यास सांगितले. भिक्षूला तो दाखविता आला नाही. जे आता नाही ते जन्मजात कसे असेल, असे बांकेई यांनी त्याला विचारले. काही निमित्त घडताच तो स्वतःची बाजू घेई आणि राग निर्माण करी. मग तोच राग आपला स्वभाव असल्याचे मानी. आईबापांनी दिले ते केवळ बुद्धचित्त, राग नव्हे, हे त्यांनी त्याला दाखवून दिले. या उत्तरात दोषाचे खापर स्वभावावर किंवा प्रारब्धावर फोडलेले नाही. राग आपण स्वतःच निर्माण करतो, म्हणून तो आपल्याला सोडताही येतो, हा त्यातील मुद्दा आहे.

विचार थांबविण्याचा प्रयत्न

विचार थांबवून मन रिकामे करण्याच्या प्रयत्नालाही बांकेई यांचा विरोध होता. थांबविण्याचा विचार हाही एक विचारच असल्याने मन दुभंगते आणि आतल्या आत झगडा सुरू होतो. रक्ताचा डाग रक्तानेच धुतला तर पहिला डाग जाईल, पण दुसरा उरेल, हा दृष्टान्त ते देत. विचार उठला तर उठू द्यावा, त्याला पाठिंबा देऊ नये आणि विरोधही करू नये. असे केल्यास तो आपोआप शमतो, हा त्यांचा सल्ला होता. हट्टाने गोठलेल्या मनाची तुलना ते बर्फाशी करीत. बर्फ आणि पाणी एकच असल्याने बर्फ वितळणे पुरेसे असते, पाणी दुसरीकडून आणावे लागत नाही.

साधनपद्धती

रिन्झाई परंपरेत कोआन, म्हणजे गुरूने दिलेला विरोधाभासी प्रश्न, आणि त्याभोवती जाणूनबुजून वाढविलेली शंका यांना महत्त्व आहे. बांकेई यांनी कोआनचा वापर टाळला. जिज्ञासूच्या मनात नसलेली शंका बाहेरून लादणे त्यांना योग्य वाटत नसे. त्यांच्या मठांत ध्यान होत असे, पण त्याबाबत सक्ती व शिक्षा नव्हती. ध्यानाच्या वेळी पेंगणाऱ्या भिक्षूला दुसऱ्याने फटका मारला, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यालाच खडसावले. झोपताना माणूस बुद्धचित्तातच झोपतो आणि जागेपणी बुद्धचित्तातच जागा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. नवागतांना ते निदान तीस दिवस अजात चित्तात राहून पाहण्यास सांगत. ती सवय झाली की त्यातून बाहेर पडणेच अवघड वाटेल, अशी खात्री ते देत.

स्वतः मरणाच्या दारापर्यंत जाऊन आलेल्या आचार्याने इतरांना श्रम अनावश्यक असल्याचे सांगावे, हा विरोध त्यांच्या श्रोत्यांनाही जाणवत असे. या आक्षेपाला त्यांनी एका दृष्टान्ताने उत्तर दिले. डोंगर चढणाऱ्या तहानलेल्या प्रवाशांपैकी एक जण खोल दरीत उतरून मोठ्या कष्टाने पाणी वर आणतो. ते पिणाऱ्या इतरांची तहान कष्टांशिवायही तितकीच भागते. आपल्याला वेळेवर सांगणारा कोणी भेटला नाही, म्हणून आपले शरीर झिजले. तसे इतरांचे होऊ नये, हाच प्रवचनांमागील हेतू असल्याचे ते सांगत.

स्त्री शिष्या

स्त्रियांना बुद्धत्व प्राप्त होत नाही, अशी समजूत त्या काळी रूढ होती. बुद्धचित्तात स्त्री आणि पुरुष असा भेद नाही, असे बांकेई यांनी स्पष्टपणे सांगितले. हायकू लिहिणारी कवयित्री देन सुतेजो (१६३३–१६९८) ही त्यांची शिष्या होती. वैधव्य आल्यानंतर तिने दीक्षा घेतली. तेइकान या नावाने ती र्‍योमोन-जीजवळ आश्रम स्थापून राहिली. तिच्या दैनंदिनीत बांकेई यांच्या अखेरच्या वर्षांची माहिती मिळते. बांकेई यांची आईही भिक्षुणी झाली होती. ज्या प्रश्नाने लहानपणी घर सोडावे लागले, त्याचा उलगडा आपण आईला सांगू शकलो आणि तिला तो समजला, याचे समाधान त्यांनी प्रवचनांत व्यक्त केले आहे. १६८० मध्ये तिचे निधन झाले.

अखेरचे दिवस

१६९० मध्ये जपानच्या सम्राटाने बांकेई यांना ‘बुत्ची कोसाइ झेन्जी’ हा किताब दिला. त्यानंतर त्यांची प्रकृती खालावत गेली. १६९३ मध्ये, चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात, र्‍योमोन-जी येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी आचार्याने एक कविता रचावी, असा झेन परंपरेतील प्रघात आहे. शिष्यांनी तशी विनंती केली असता बांकेई यांनी कविता रचण्यास नकार दिला. इतकी वर्षे आपण जे सांगत आलो तेच आपले अखेरचे शब्द आहेत, असे त्यांनी सुचविले. त्यांच्या अस्थी र्‍योमोन-जी आणि न्योहो-जी या दोन्ही मठांत ठेवण्यात आल्या. १७४० मध्ये त्यांना राष्ट्रगुरू या अर्थाची ‘कोकुशी’ ही मरणोत्तर पदवी देण्यात आली.

टीका

अठराव्या शतकात हाकुइन एकाकु (१६८६–१७६९) यांनी कोआन-साधनेची पद्धतशीर पुनर्रचना केली. ‘अजात’ या शब्दाचा आधार घेऊन काहीच न करता बसून राहणाऱ्यांवर त्यांनी कठोर टीका केली. मूळचे चित्त शुद्धच आहे, हे केवळ ऐकून घेतल्याने जुन्या सवयी सुटत नाहीत आणि त्यासाठी निकराची साधना लागते, हा या टीकेमागील आक्षेप होता. बांकेई यांच्या शिकवणुकीत मात्र विचाराला खतपाणी न घालण्याची जागरूकता क्षणोक्षणी अपेक्षित आहे. त्यामुळे तिला निष्क्रियता म्हणणे कितपत योग्य, याविषयी मतभेद आहेत. हाकुइन यांच्या परंपरेचा प्रभाव वाढत गेला आणि बांकेई यांची शिष्यपरंपरा हळूहळू क्षीण झाली. आपल्या प्रत्ययाला ठरावीक पायऱ्यांच्या पद्धतीचे रूप देण्याचे त्यांनी टाळले होते, हेही याचे एक कारण मानता येते.

वारसा

विसाव्या शतकात दाइसेत्सु तेइतारो सुझुकी यांनी बांकेई यांच्या प्रवचनांकडे पुन्हा लक्ष वेधले. १९४१ मध्ये त्यांनी संपादित केलेला प्रवचनसंग्रह प्रसिद्ध झाला. दोगेन, हाकुइन आणि बांकेई हे जपानी झेन विचाराचे तीन स्वतंत्र प्रकार असल्याची मांडणीही त्यांनी केली. १९८४ मध्ये नॉर्मन वॉडेल आणि पीटर हॅस्केल यांची स्वतंत्र इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाली. त्यांच्यामुळे बांकेई यांची शिकवण जपानबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचली.

भारतीय वाचकांना ‘अजात’ या शब्दावरून गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेतील अजातिवादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बौद्ध महायानातील अनुत्पादाची संकल्पना आणि गौडपादांची परिभाषा यांतील साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. मात्र बांकेई यांचा वेदान्ताशी प्रत्यक्ष संबंध आलेला नव्हता आणि दोघांच्या प्रतिपादनाची दिशाही वेगळी आहे. गौडपादांनी कोणत्याही वस्तूची उत्पत्ती मुळात होत नाही, हे तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. बांकेई यांनी सिद्धता बाजूला ठेवली आणि समोर बसलेल्या माणसाला कावळ्याचा आवाज कोणी ऐकला, हे पाहण्यास सांगितले.